"एकट्याला एरिया काय करायचाय?" म्हणणाऱ्यांना

खोकी_अजून_बंद

परवा नोकरीसाठी शहर बदलणाऱ्या एकाने विचारलं होतं, एकटाच आहे, राहायला एरिया कसा निवडू. त्यावर एक प्रतिसाद आला: "एकट्या माणसाने एरिया-बिरिया बघत बसू नये. ऑफिसपासून दहा मिनिटांवर जी खोली मिळेल ती घ्यावी. एरिया बघायचा तो पोराबाळांवाल्यांनी. आपल्याला काय, रात्री पाठ टेकायला जागा हवी." आणि त्याखाली +१ ची ही मोठी रांग. दोन दिवस गप्प बसले, आता नाही बसवत.

अहो सगळं उलट आहे. कुटुंबवाल्याला एरिया भिकार मिळाला तरी दार लावलं की आत माणसं असतात. एकट्याने दार लावलं की आत फ्रिजची घरघर. किल्ली आत राहिली, ताप चढला, कुरिअरवाला दारात उभा आणि आपण मीटिंगमधे, यातलं काहीही झालं तर एकट्याला जे मिळायचं ते बाहेरच मिळतं, म्हणजे एरियातच.

मी हा दहा मिनिटांचा प्रयोग करून बसलेय. पहिल्यांदा शहर बदललं तेव्हा ऑफिसच्या मागच्याच गल्लीत घर घेतलं, चालत आठ मिनिटं, काय तो माझा आनंद. सगळा काचेच्या इमारतींचा भाग. संध्याकाळी आठनंतर चिटपाखरू नाही. पहिल्या शनिवारी दुपारी खाली उतरले तर अख्ख्या रस्त्यावर मी आणि एक सिक्युरिटीवाला. तो लांबूनच ओरडला, "ऑफिस बंद आहे मॅडम." मी इथे राहते म्हटलं तर त्याला पटेना. पुढचे सहा महिने दर शनिवारी तो तेच सांगायचा, मी पण शेवटी "अरे हो का" म्हणून पुढे जायला लागले.

आणि पाचव्या महिन्यात आमची टीम शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवली. ऑफिस गेलं, एरिया राहिला, मी पण राहिले कारण ॲग्रीमेंट संपायला सात महिने होते.

आता मी कुठलाही एरिया मंगळवारी रात्री नऊला आणि रविवारी दुपारी जाऊन बघते. एकट्या बायका आरामात चालताना दिसतात का, तळमजल्याला दुकानं उघडी आहेत का, की नुसती कंपाउंडची भिंतच भिंत. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सने १९६१ मधेच लिहून ठेवलंय की रस्त्यावर लोकांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो. तर ज्यांना नुसती पाठ टेकायचीय त्यांनी खुशाल टेकावी, पण सल्ले देऊ नयेत.

पायी_ऑफिस

ते नाव न घेतलेले गृहस्थ म्हणजे मीच. नमस्कार.

सिक्युरिटीवाल्याची गोष्ट छान. आता थोडं गणित करू. एका बाजूला पाऊण तास, म्हणजे रोजचा दीड. वर्षाचे कामाचे २४० दिवस धरले तर ३६० तास होतात, म्हणजे १५ अख्खे दिवस आणि रात्री तुम्ही कुणाच्या तरी काखेत नाक घालून उभ्या. असली शिक्षा मी अडीच वर्षं भोगली, एरिया 'जिवंत' होता म्हणून. एरिया जिवंत आणि मी मेलेला. घरी पोचायचो तोवर त्या जिवंत एरियात उतरायची ताकद कुणाला होती?

आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. फ्राय आणि स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मधे जर्मनीतल्या लोकांच्या माहितीवरून दाखवलं की ज्यांचा प्रवास जास्त ते सरासरी कमी समाधानी असतात, आणि चांगलं घर किंवा जास्त पगार मिळाला तरी ती तूट पूर्ण भरत नाही. हे लोकांना आधी कळत नाही हीच तर गोम आहे. घर बघताना बाल्कनी दिसते, पाऊण तास दिसत नाही.

तुमचं ऑफिस हललं हे तुमचं नशीब. नियम नशिबावर बनवत नाहीत.

खोकी_अजून_बंद

२००४ साली कुणी घरून काम करत होतं का हो? आता आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं बऱ्याच जणांना. ते १५ दिवसांचे ९ करा आधी. आणि पाऊण तास हा आकडा तुम्हीच काढलात, मी कुठे म्हटलं जगाच्या टोकाला राहा?

उगाच_एक_शंका

काखेत नाक घालून उभं राहणं हा पण एक प्रकारचा शेजारच ना? हलके घ्या.

दिवसा_झोपतो

तुम्हा दोघांचंही नऊ ते सहावाल्यांचं भांडण आहे. मी रात्रपाळी करतो. माझ्यासाठी 'डोळे असलेला रस्ता' म्हणजे सकाळी नऊला खिडकीखाली चाललेली बोंबाबोंब. एक जागा घेतली, ऑफिस जवळ, एरिया मस्त, रविवारी बघितली तेव्हा शांत. सोमवारी कळलं मागे शाळा आहे. अकराच्या मधल्या सुट्टीला मी गादीत ताडकन उठून बसायचो, पुढे पुढे घंटेच्या आधीच जाग यायला लागली.

पण खरं सांगू का, शाळा परवडली, तिला निदान सुट्ट्या असतात. नंतर जे घर घेतलं तिथे वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवणारं कुणीतरी आहे. आठ महिने झाले. किर्रर्र, थांबणार, मग परत किर्रर्र. आठवड्यातून एक रात्र घरी असतो तर रात्री साडेअकराला पण चालूच. एरिया, ऑफिस, सगळं खड्ड्यात गेलं, आधी डोक्यावर कोण राहतं ते बघा.

टॉप_फ्लोअर_फॉर_लाइफ

बाडिस! बाकी डिट्टो सहमत! मी म्हणून कायम शेवटचा मजला घेतो. छत तापतं, लिफ्ट बंद पडली की जीव जातो, पण डोक्यावर कुणी नाचत नाही.

आम्ही_वरचे

आता आमच्यावर आलात का. वरच्या मजल्यावरच्यांनी हवेत तरंगायचं का? आमच्या खालचा मनुष्य मी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली तरी छताला झाडू मारतो. रात्री नऊ वाजता! नऊ! पायात मोजे घालून फिरते मी स्वतःच्या घरात, भाडं देऊन. एवढी शांतता हवी तर डोंगरावर जा ना, शहरात कशाला कडमडता.

दिवसा_झोपतो

बाटली ठेवायला रात्री तेहतीस वेळा उठता का तुम्ही? मोजलंय मी, एका रात्रीत तेहतीस वेळा.

आम्ही_वरचे

तेहतीस वेळा मोजत बसलेल्या माणसाला झोपेची नाही, दुसऱ्या कशाची तरी गरज आहे.

दिवसा_झोपतो

हो, वर संवेदनशील माणूस राहायला यायची.

स्लॅबवाला

भांडा निवांत, पण दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. माझं काम बांधकामातलं आहे म्हणून लिहितो.

आवाज दोन प्रकारचे. टीव्ही, गप्पा, गाणी हे हवेतून येतात, भिंत जड आणि फटी बंद असल्या की बरेच अडतात. खुर्ची, टाचा, पडलेलं भांडं हे थेट स्लॅबला ठोकतात आणि स्लॅबच वाजतो. जाड स्लॅबने फरक पडतो पण असल्या ठोक्यांना पुरा पडत नाही. उपाय वरच्या बाजूनेच करावा लागतो, गालिचा किंवा खुर्चीच्या पायांना फेल्टचे, म्हणजे जाड मऊ कापडाचे, तुकडे. खालच्याने छताला फोम चिकटवून पैसे घालवू नयेत, त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज यायचा तो येतोच. झाडूने छत ठोकणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार, ते स्वतःच स्लॅब वाजवतात.

रस्त्याच्या आवाजाचं विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मधे रात्रीसाठी घराबाहेर सरासरी ४० डेसिबलची शिफारस केली होती. ५० म्हणजे चौथाईने जास्त असं समजू नका, १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, कानाला साधारण दुप्पट वाटतं. मोबाईलचं ॲप अचूक नसतं पण दोन घरांची तुलना करायला चालून जातं.

आणि रात्रपाळीवाले साहेब, एक विचारतो, आवाज बरोबर डोक्यावरूनच येतोय हे कशावरून? असे ठोके स्लॅब-बीममधून आडवे पण जातात. वरच्या मजल्यावरच्या पण बाजूच्या, म्हणजे तिरप्या घरातला आवाज बरोबर डोक्यावरून आल्यासारखा वाटू शकतो.

दिवसा_झोपतो

आठ महिने ऐकतोय हो मी. कान आहेत मला.

खोकी_अजून_बंद

धागा एरिया निवडण्याचा आहे. नुसती आठवण करून देते.

टॉप_फ्लोअर_फॉर_लाइफ

स्लॅबवाले, मग आमच्या लिफ्टच्या मशीनचा आवाज कुठल्या प्रकारात? शेवटच्या मजल्याला तो येतो थोडा. थोडा म्हणजे दर वेळी.

आम्ही_वरचे

हाहाहाहा. "डोक्यावर कुणी नाचत नाही" म्हणे.

स्लॅबवाला

तो पण ठोक्याच्याच जातीचा, मशीन स्ट्रक्चरला बसवलेलं असतं म्हणून. मशीनखाली रबरी पॅड नीट नसतील. घर घेताना लिफ्टच्या भिंतीला लागून बेडरूम आहे का हे कुणी बघत नाही आणि मग आयुष्यभर माझ्यासारख्याला फोन करतात.

तिसरी_बदली

मूळ मुद्द्यावर येते, कुणीतरी यायलाच हवं. माझी ही तिसरी बदली. मला दोघांचंही अर्धं पटतं आणि दोघांचाही राग येतो. तुम्ही दोघं असं बोलताय जणू नव्या शहरात पोचायच्या आधीच माणसाला सगळं कळतं. दोन सुटकेसा घेऊन उतरलेल्या माणसाला मंगळवारी रात्री नऊला तीन एरिया फिरायला कोण नेणार? मी आता पहिले दोन महिने कुठेतरी तात्पुरतं राहते, मग ठरवते. पहिल्या बदलीला फोटो बघून वर्षाचं ॲग्रीमेंट केलं होतं. फोटोत खिडकी होती. खिडकीबाहेर सहा फुटांवर दुसऱ्याची खिडकी होती ते फोटोत नव्हतं. मी वर्षभर एका अनोळखी गृहस्थांबरोबर दात घासले.

आणि 'जिवंत एरियात माणसं भेटतात' हेही जरा जपून. फेस्टिंगर आणि मंडळी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीत कोणाची कुणाशी मैत्री होते ते तपासलं होतं, १९५० मधे त्यावर पुस्तक आलं. दारं जवळजवळ असणाऱ्यांची जास्त व्हायची, खालच्या मजल्यावर जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख. म्हणजे बाहेर कितीही चहलपहल असो, तुमचा जिना कुठे आहे त्यावर पण बरंच असतं. माझ्या आत्ताच्या एरियात रस्त्यावर तोबा गर्दी आहे आणि मी ओळखते फक्त समोरच्या दारातल्या ताईंना, त्यांचं माझं कुरिअर अदलाबदल होतं म्हणून.

पायी_ऑफिस

म्हणजे एरिया नव्हे, जिना महत्त्वाचा. मी हेच सांगत होतो.

खोकी_अजून_बंद

तुम्ही हे अजिबात सांगत नव्हतात! तुम्ही पाठ टेकायची जागा म्हणालात! आणि ते सगळे विद्यार्थी होते, एकाच वसाहतीतले, एकमेकांसारखे. ऑफिसच्या काचेच्या डब्यात माझ्या जिन्यात कंपनीने दोन-दोन आठवडे ठेवलेली माणसं होती. रोज नवीन तोंड, हाय म्हणायच्या आत बॅग भरून गेलेली. २०१८ मधे जेफ्री हॉल म्हणून एका संशोधकाने काढलं होतं की नुसती जुजबी मैत्री व्हायला पण साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, घट्ट व्हायला २०० च्या वर. लिफ्टमधे २०० तास कोण घालवणार?

उगाच_एक_शंका

लिफ्ट बंद पडली तर? टॉप फ्लोअरवाल्यांचं जमेल.

पायी_ऑफिस

बरोबर, २०० तास. आणि हे २०० तास आणणार कुठून, जर ३६० गाडीत गेले? तुम्ही माझ्याच बाजूने लिहिताय ताई, धन्यवाद.

बरं. खरं सांगायचं तर मी आत्ता जिथे राहतो तिथून ऑफिस ११ मिनिटं चालत आहे आणि खाली वाचनालय आहे, मैदान आहे, रात्री दहापर्यंत माणसं असतात. म्हणजे एरिया चांगला आहे. मी तो बघून घेतला नव्हता, लागला. नुसतं ऑफिस जवळ आणि बाकी स्मशान असतं तर तोच सल्ला एवढ्या जोरात दिला असता का, माहीत नाही. झालं समाधान?

खोकी_अजून_बंद

ज्यांना एरिया लागलाय ते सांगतायत एरिया बघू नका. वा.

ठीक आहे, माझ्याकडून पण घ्या. अर्ध्या तासाच्या वरचा प्रवास मीही करणार नाही. पण तो तपासताना दुपारी दोनला नका तपासू, गूगल मॅपवर सकाळी नऊला पोचायची वेळ टाका, तीही सोमवारची. दलाल "वीस मिनिटं" म्हणतो ती रात्री तीनची असतात.

तिसरी_बदली

दलालावर वेगळा धागा काढा, माझ्याकडे मजकूर तयार आहे.

स्लॅबवाला

रात्रपाळीवाले, बघितलं का तिरप्या घरात?

दिवसा_झोपतो

आलोय सांगायला. लाज वाटतेय पण सांगतो. काल फेल्टचे तुकडे घेऊन वर गेलो, म्हटलं भांडण नको, स्वतः चिकटवून देतो. सत्तरीच्या आजी निघाल्या. म्हणाल्या, बाळा मी नऊला झोपते आणि माझ्याकडे खुर्ची एकच आहे, तीवर मी कपडे ठेवते. खरंच, कपड्यांचा डोंगर होता खुर्चीवर. आठ महिने मी या बाईंना मनातल्या मनात काय काय बोललोय, आणि दोनदा चिठ्ठी पण टाकलीय दाराखालून. त्यांनी त्या जपून ठेवल्यात. दाखवल्या मला.

आम्ही_वरचे

मी काही बोलत नाही. नुसती बसलेय. मोजे घालून.

दिवसा_झोपतो

बोला बोला, हक्क आहे तुमचा. तिथून तसाच तिरप्या घराकडे गेलो. बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.