रोखे मुदतीपर्यंत ठेवले म्हणजे तोटा झालाच नाही?

खतावणी: वार्षिक सभेत आमच्या नागरी बँकेच्या अध्यक्षांना विचारलं, व्याजदर वाढले तेव्हा सरकारी रोख्यांवर तोटा किती? म्हणाले, "मुदतीपर्यंत ठेवणार, तोटा कसला?" टाळ्या पडल्या, सभा वड्यांकडे वळली. मला नाही पटलं. साडेसहा टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा शंभराला घेतला आणि बाजारात दर साडेसात झाला, तर आज त्याचे ९३ येतात. हे सात रुपये भांडवलातून वजा व्हायला हवेत.

जुना काउंटर: बँक म्हणजे म्युच्युअल फंड नव्हे हो. दहाव्या वर्षी सरकार शंभर देणारच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. दर तिमाहीला भांडवल कापलं असतं तर कर्जं दिली कुणी असती? शिवाय व्यापारी बँकांची रेपोला बांधलेली गृहकर्जं लगेच महागली, बचत खात्याचं व्याज मात्र जागचं हललं नाही. ती कमाई कुठे धरलीत?

खतावणी: धरतो. पण ठेवीदाराला सात टक्के द्यायची वेळ आली तर साडेसहाचा रोखा दरवर्षी अर्धा टक्का खाणार. आज लिहिला नाही तर तोच तोटा हप्त्याहप्त्याने येतो.

ट्रेझरीवाली: हप्त्याने येईल, जर ठेवीदार थांबला तर. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे २०२२ अखेर मुदतीपर्यंत ठेवायचे ९१ अब्ज डॉलरचे रोखे होते. त्यांत न दाखवलेला तोटा सुमारे १५ अब्ज, आणि बँकेचं सगळं भांडवल १६ अब्ज! नियमाने मोजायच्या भांडवलात तो तोटा धरलाच नव्हता, म्हणून ते ठणठणीत. ८ मार्च २०२३ ला त्यांनी जाहीर केलं, विक्रीयोग्य गटातले २१ अब्जांचे रोखे विकले, तोटा १.८ अब्ज. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज काढले. १० तारखेला टाळं.

जुना काउंटर: ताई, तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याबाहेरच्या. आमचा ठेवीदार पेन्शनर, पाच लाखांच्या आतला, पासबुक भरून घ्यायला येतो आणि तासभर बसतो. आणि १८ टक्के एसएलआर, म्हणजे ठेवींचा सरकारी रोख्यांत वगैरे ठेवायचा हिस्सा, सक्तीचा आहे, रोखे हौसेने घेत नाही कोणी.

ट्रेझरीवाली: काका, सक्ती एसएलआरची, दहा वर्षांच्या कागदाची नाही. ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे कागदही चालतात. लांबचे घेतात ते वाढीव व्याजासाठी. खतावणी, तुमचंही सगळं मान्य नाही. एप्रिल २०२४ पासून व्यापारी बँकांच्या एएफएसमधला, म्हणजे विक्रीयोग्य गटातला चढउतार थेट राखीव निधीत जातो, भांडवलात दिसतो. एचटीएम, म्हणजे मुदतीपर्यंत ठेवायचा गट, अजून खरेदीच्या हिशोबानेच. तेही रोज बाजारभावाने कापलं तर बँका लांबचे रोखे घ्यायच्याच नाहीत. पण आकडा सभासदाला सांगायला काय हरकत?

जुना काउंटर: आमच्या अहवालात गुंतवणुकीसमोर कंसात बाजारमूल्य छापतात. बारीक टाइपात. आजवर कुणी विचारलं नाही.

खतावणी: आत्ता कपाटातून आमचा अहवाल काढला. पान ३१, चष्मा लावून. आहे! फरक गुंतवणूक चढउतार निधीच्या, म्हणजे रोख्यांचे भाव पडले तर म्हणून बाजूला ठेवलेल्या रकमेच्या, निम्म्याहून कमी. अहो, मग सभेत सांगायचं की सरळ.