सल्ला हवाय: ७८ वर्षांच्या बाबांना चीफ बफेलोची कबर दाखवायचीय (बजेट २०० डॉलर)

लिंबूटिंबू: मिनिआपोलिसहून शनिवार-रविवार जायचंय. बाबांनी अमेरिकेतल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा प्रमुख केचेवाइश्के ऊर्फ चीफ बफेलो याच्याबद्दल वाचलं. १८५२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, हा माणूस बर्चच्या सालीच्या होडीतून वॉशिंग्टनला गेला आणि राष्ट्राध्यक्ष फिलमोरकडून आपल्या लोकांना हुसकावण्याचा हुकूम मागे घ्यायला लावला. कबर लेक सुपिरिअरमधल्या मॅडलिन बेटावर, ला पॉइंट गावात. बाबांचे गुडघे दुखतात. गॅस, जेवण, मुक्काम सगळं २०० मध्ये बसवायचंय.

पक्का_पुणेकर: बेफील्डला, म्हणजे बेटाची फेरी सुटते त्या गावात, लेकसमोरचं हॉटेल घ्या. आम्ही रात्रीचे ३४० मोजले, पण खिडकीतला सूर्योदय वसूल!

लिंबूटिंबू: दादा, २००. सगळं मिळून.

खवट_काका: होडी लेक सुपिरिअरपुरती. पुढे आगबोट आणि रेल्वे. न्यूयॉर्कला पोचले तेव्हा मंडळींकडे एक डाइम (दहा सेंटचं नाणं) उरला होता. तुमचं बजेट त्या मानाने राजेशाही आहे.

डीसीवाली: वॉशिंग्टनच्या संसद भवनात, कॅपिटलमध्ये, चीफ बफेलोचा संगमरवरी अर्धपुतळा आहे. विमानाने इकडेच या, फुकट बघता येतो.

खवट_काका: तो लीच लेकच्या ओजिब्वेंचा बफेलो. नाव सारखं, माणूस वेगळा.

डीसीवाली: आम्हाला गाइडने हाच सांगितला.

खवट_काका: गाइडला टिप दिलीत ना? मग झालं.

सुगरण: फेरी वीसेक मिनिटांची. गाडीचं भाडं वेगळं पडतं, ती बेफील्डलाच ठेवा. कबरस्तानात थडग्यांमधून हिंडू नका, कुंपणाबाहेरूनच नमस्कार. आणि बेफील्डहून पुढे तीन मैलांवर रेड क्लिफ आहे, १८५४ च्या तहात ओजिब्वेंसाठी राखलेली जमीन. मी नुसती फज खाऊन परत आले, अजून चुटपुट आहे.

पक्का_पुणेकर: हॉटेलबद्दल +१ (माझाच).

उत्तरध्रुव: फेब्रुवारीत जा. लेक नीट गोठला तर गाडी बर्फावरून थेट बेटावर. आमची एकदा अडकली होती, पण मजा आली.

चष्मेबद्दूर: आधी मॅकग्रेगरजवळचं सँडी लेक बघा, तुमच्याकडून अडीच तासांत. १८५० मध्ये, जमिनींच्या बदल्यात सरकारने तहात कबूल केलेले वार्षिक पैसे ला पॉइंटऐवजी तिथे मिळतील म्हणून या लोकांना ऐन थंडीच्या तोंडावर बोलावलं. पोचले तर पैसे वाटणारा सरकारी एजंटच जागेवर नाही. धान्य कुजकं, त्यात हगवण आणि गोवर. तिथे आणि परतीच्या बर्फात मिळून सुमारे ४०० माणसं गेली. म्हातारा वॉशिंग्टनला निघाला तो यानंतर. तिथे स्मारक आहे.

खवट_काका: अवांतर: फिलमोरला त्यांनी आधी चिलीम ओढायला लावली, मग बोलणी.

लिंबूटिंबू: सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. ते कोषागारातून निवृत्त झालेत. चष्मेबद्दूर यांच्या उत्तरावर दोनदा थांबवलं मला. "वाटपाला बोलवायचं आणि वाटणाराच गायब?" तेव्हापासून घरात फेऱ्या मारतायत, गुडघ्यांसकट. बेट रद्द. शनिवारी दशम्या-चटणी बांधून सँडी लेक, रात्री घरी.

पक्का_पुणेकर: म्हणजे हॉटेलचा नंबर नकोय?