अनुभव धागा : कार्लाइल बे, बार्बाडोस – बीच क्लबवरचा एक दिवस

खारी_हवा (धागाकर्ती)
क्रूझने किंवा टोरोंटो-लंडनहून थेट विमानाने बार्बाडोसला जाणारे मराठी लोक वाढलेत, आणि जवळपास प्रत्येकाचा एक दिवस ब्रिजटाऊनच्या कार्लाइल बेवर जातो. "क्लबचा पास घेऊ की नको?" हा प्रश्न दर हंगामात येतो. जाणत्यांनी नेमकं लिहावं : पैसे, वेळ, पाणी, खाणं, धोके. प्रवासवर्णन नको.

सुरुवात मी करते. हा चंद्रकोरीच्या आकाराचा, पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा. उत्तरेला, शहराच्या बाजूला ब्राउन्स बीच, दक्षिणेला पेबल्स बीच आणि त्यापुढे नीडहॅम्स पॉइंट. बीच क्लब बे स्ट्रीटला लागून आहेत, म्हणजे पुढे समुद्र आणि मागे रहदारीचा रस्ता. बार्बाडोसमधले किनारे सार्वजनिक आहेत. वाळूवर बसायला आणि पाण्यात उतरायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. क्लब विकतो ती सावली, खुर्ची, स्वच्छतागृह, गोड्या पाण्याचा शॉवर, लॉकर आणि बसल्या जागी येणारं खाणं. चार तासांहून जास्त थांबणार असाल, सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, किंवा पासपोर्ट-फोन सांभाळायला जागा हवी असेल, तर पास घ्या. दोन तास डुंबून परतायचं असेल, तर किनाऱ्यावर दोन खुर्च्या आणि एक छत्री भाड्याने मिळते. तेवढं पुरतं.

हिशेबी
पैशाबद्दल. बार्बाडोस डॉलरचा दर अमेरिकन डॉलरशी २ ला १ (२ बार्बाडोस = १ अमेरिकन) असा बांधलेला आहे, आणि अमेरिकन नोटा बहुतेक ठिकाणी चालतात. घोटाळा इथेच होतो. दोन्ही चलनांना डॉलरच म्हणतात, पाटीवरही तेच चिन्ह. त्यामुळे खुर्ची, टॅक्सी, जेट स्की, नारळपाणी, कशाचाही भाव ऐकला की लगेच विचारायचं : "यूएस की बार्बाडोस?" वापरण्याआधी विचारलं की वाद होत नाही. सुटे पैसे बार्बाडोसच्या चलनात परत मिळतात, म्हणून अमेरिकन १, ५ आणि १०च्या नोटा जवळ ठेवा. ५० किंवा १००ची नोट काढू नका.

पासचे साधारण दोन प्रकार. एकात प्रवेश, खुर्ची आणि खाण्यापिण्यावर वळती होणारी काही रक्कम. दुसऱ्यात सगळं खाणंपिणं धरून एक आकडा. पहिला घेतलात तर चार गोष्टी विचारा. वळती रक्कम माणशी आहे की कुटुंबाची? दारूलाही चालते का? छत्री धरलेली आहे की वेगळी? उरलेली रक्कम परत मिळते का? शेवटच्याचं उत्तर सहसा "नाही" असतं, म्हणून निघायच्या तासभर आधी शिल्लक बघा. सगळं धरलेला पास मद्य घेणाऱ्यांना परवडतो. शाकाहारी आणि मद्य न घेणाऱ्या माणसाचे त्यात पैसे वाया जातात.

बिलात १७.५ टक्के व्हॅट असतो. तो छापील भावात आहे की वर लागणार, हे मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सेवा आकारही पुष्कळदा आधीच लावलेला असतो. तो बिलात दिसला तर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

टोरोंटोकर
दिवस चांगला जाणार की गर्दीत, हे बंदरात किती जहाजं आहेत यावर ठरतं. डिसेंबर ते एप्रिल हा क्रूझचा मुख्य हंगाम. जहाजांची वेळापत्रकं आधीच जाहीर होतात. हॉटेलवर राहणाऱ्यांनी ती बघूनच दिवस निवडावा, एकच जहाज असेल तो दिवस उत्तम. सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच ही दाटीची वेळ. आठ-साडेआठला पोहोचलात तर पहिल्या रांगेत जागा मिळते आणि पाणीही नितळ असतं. अडीचनंतर क्रूझवाले परतू लागतात, किनारा मोकळा होतो.

भल्या पहाटे उठायची तयारी असेल तर पेबल्स बीचवर जा. जवळच्याच गॅरिसन भागातल्या रेसकोर्सवरचे घोडे उजाडताना समुद्रात पोहायला आणतात. घोड्यांच्या मागे उभं राहू नका आणि फ्लॅश वापरू नका.

दक्षिण किनाऱ्यावरच्या हॉटेलातून येणाऱ्यांना टॅक्सीची गरज नाही. बसथांब्याच्या पाटीवर "टू सिटी" किंवा "आउट ऑफ सिटी" लिहिलेलं असतं. इकडे येताना "टू सिटी". निळी सरकारी बस, पिवळी मिनीबस, किंवा गडद लाल पट्ट्याची पांढरी व्हॅन, जिला सगळे "झेडआर" म्हणतात. भाडं ३.५० बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. चढतानाच "बे स्ट्रीट?" विचारा, कारण काही गाड्या दुसऱ्या रस्त्याने शहरात शिरतात. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी भाडं ठरवा, आणि ते माणशी की गाडीचं तेही.

वारा_पाहून
छत्रीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. इथे वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. किनारा पश्चिमेकडे, म्हणजे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तुमच्या पाठीमागून. खाडीचं पाणी तळ्यासारखं शांत दिसतं ते यामुळेच. दुपारनंतर ऊन मात्र समोरून, समुद्राच्या बाजूने येतं. मग लोक काय करतात, तर छत्री पश्चिमेला झुकवतात. तसं केलं की तिची पूर्वेकडची कड वर उचलली जाते, पाठीमागचा वारा आत शिरतो आणि छत्री दांड्यासकट उपटून निघते. दांड्याचं टोक कुणाला लागलं तर गंभीर इजा होते. छत्री वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे जमिनीकडे झुकलेली ठेवायची, म्हणजे वारा तिला वाळूत दाबतो. सावली हवी असेल तर खुर्ची हलवायची. बारा वाजता सावली दांड्याच्या बुडाशी असते, पुढे ती जमिनीकडे सरकत जाते. तेव्हा खुर्ची मांडतानाच दांड्याच्या मागे हातभर जागा मोकळी सोडा. गर्दीच्या दिवशी मागची रांग इतकी चिकटून असते की नंतर सरकता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हाच वारा हवेच्या गाद्या, रबरी रिंगा आणि मुलांची फुगवायची खेळणी सरळ खोल समुद्राकडे नेतो. लाटा नसल्यामुळे कुणाला लवकर कळतही नाही. मुलाला तरंगत्या खेळण्यावर बसवलंत तर दोरी तुमच्या हातात हवी. एखादं खेळणं सुटलं तर त्याच्यामागे पोहत जाऊ नका, जाऊ द्या ते. पिवळ्या-नारिंगी बोयांच्या आतच पोहा, कारण पलीकडे जेट स्की आणि बोटींची वाट आहे.

भरती-ओहोटीची काळजी नको. मुंबईसारखा चार-पाच मीटरचा फरक इथे नाही, मीटरभराच्या आतच असतो. पाण्याजवळ मांडलेली खुर्ची सहसा कोरडी राहते. हिवाळ्यात उत्तरेकडून लांब लाटा आल्या तर मात्र वाळू ढवळते आणि पाणी गढूळ होतं. त्या दिवशी स्नॉर्केलिंगचे पैसे भरू नका.

मासोळी
स्नॉर्केलिंग हाच कार्लाइल बेचा खरा ठेवा. तळाशी बुडालेली जहाजं आहेत. त्यांत १९१९ साली बुडालेली बर्विन ही टगबोट आणि २००२ मध्ये मुद्दाम बुडवलेली बेजन क्वीन. बर्विन इतकी उथळ आहे की वरून तरंगतानाही तिच्यावरचं प्रवाळ आणि मासे स्पष्ट दिसतात. किनाऱ्यापासून अंतर पोहण्याजोगं वाटतं, पण मध्ये बोटी फिरतात, म्हणून मार्गदर्शकाच्या बोटीनेच जा आणि जीवरक्षक जॅकेट घाला. दहाच्या सुमारास कॅटामरान (पर्यटकांच्या मोठ्या जोडबोटी) येऊ लागतात, मग पाण्यात माणसंच जास्त. साडेआठ-नऊची पहिली फेरी मागा.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी आत येण्याची नेहमीची कारणं दोन : पट्ट्याखाली अडकलेले केस आणि मिशी. दाट मिशी असेल तर नाकाखाली थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, वाढते. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून विसळा. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारावं.

कासवं इथे पुष्कळदा दिसतात. हात लावू नका, वरून झेप घेऊ नका, आणि श्वास घ्यायला वर येणाऱ्या कासवाची वाट अडवू नका. काही बोटवाले त्यांना खायला टाकतात, त्यात भाग घेऊ नका. माणसाच्या हाताला सोकावलेलं कासव बोटींच्या पंख्याजवळ येतं. बुडालेल्या जहाजावर उभं राहू नका, गंजलेला पत्रा पाय चिरतो. जुन्या धक्क्याचे खांब आणि खडक यांच्याजवळ लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळू असतात. काटा रुतला तर दाबून काढू नका, तो आत तुटतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि क्लबच्या प्रथमोपचाराकडे जा.

पोळी_भाजी
खाणं. शाकाहाऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. "राइस अँड पीज"मध्ये (कडधान्य घालून शिजवलेला भात) खारवलेलं डुकराचं मांस आहे का? चिप्स आणि तळलेली केळी माशाच्याच तेलात तळता का? मॅकरोनी पायमध्ये (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) अंडं आहे का? उत्तरं समाधानकारक आली तर पिकल्या मोठ्या केळ्याचे काप, ब्रेडफ्रूट (आपल्या नीरफणसाचीच चव) आणि मॅकरोनी पाय यांवर पोट भरतं. मासे खाणाऱ्यांनी क्लबच्या बर्गरवर पैसे घालू नयेत. पेबल्स बीचच्या वाहनतळाजवळ "कझ"ची टपरी आहे, तिथला कटर घ्या : "सॉल्ट ब्रेड" नावाच्या पावात तळलेला मासा, वर हवं तर चीज आणि अंडं. पिवळा पेपर सॉस मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा असतो. आधी थेंबभर चाखून बघा, ठेच्याची सवय असली तरीही.

रम पंचचं जुनं प्रमाण : १ भाग लिंबूरस, २ भाग साखरपाक, ३ भाग रम, ४ भाग पाणी किंवा फळांचा रस. म्हणजे २०० मिलि पेयात ६० मिलि रम, एक मोठा पेग. गोडामुळे आणि बर्फामुळे ते जाणवत नाही. पोहायचं असेल तर दिवसाच्या शेवटी घ्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बेटाच्या प्रवाळी चुनखडकातून गाळून येतं. रिकामी बाटली आणा आणि भरत राहा.

सोबत_आईबाबा
वयस्करांसाठी. समुद्राकाठच्या आरामखुर्च्या फार बुटक्या असतात, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना उठता येत नाही. आल्याबरोबर जेवणाच्या भागातली हात असलेली खुर्ची मागून छत्रीखाली ठेवून घ्या. शॉवरपाशी ओल्या फरशीवर वाळू असते, रबरी तळव्याची चप्पल काढू नका. सुती पंजाबी ड्रेस किंवा साडी नेसून पाण्यात उतरायला कुणी हरकत घेत नाही, पण ओलं कापड जड होतं आणि पायांत गुंडाळतं. पूर्ण बाह्यांचा पोहायचा टॉप आणि लेगिंग्ज हा चांगला मार्ग. पातळ पांढरा सुती सदरा भिजला की त्यातून ऊन आत जातं, त्याच्या भरवशावर राहू नका.

कपड्यांबद्दल कायद्याची गोष्ट : बार्बाडोसमध्ये लष्करी कॅमोफ्लाज छापाचे कपडे, टोप्या, पिशव्या नागरिकांना वापरायला बंदी आहे, लहान मुलांनाही. बॅग भरतानाच तपासा. आणि पोहायच्या कपड्यांत शहरात फिरू नका.

उन्हाळी
बेट १३ अंश उत्तरेवर, म्हणजे गोव्यापेक्षाही दक्षिणेला. एप्रिलअखेर आणि ऑगस्टच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही, म्हणूनच लोक भाजतात. प्रौढ माणसाला एका वेळी अंगभर साधारण ३० मिलि, म्हणजे सहा चमचे सनस्क्रीन लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. १०० मिलिची बाटली एका माणसाला एका दिवसाची झाली. हँडबॅगेत जेमतेम तेवढीच नेता येते, म्हणून मोठी बाटली चेक-इन सामानात टाका. झिंक ऑक्साइडचं घ्या, प्रवाळाला ते कमी त्रासाचं. पायाच्या वरचा भाग, कानांच्या पाळ्या आणि स्नॉर्केलिंग करणाऱ्यांच्या गुडघ्यांमागची जागा हमखास राहून जाते.

किनाऱ्यावर कोरफडीची पानं घेऊन माणसं फिरतात. आपली कोरफड वनस्पतिशास्त्रात या बेटाच्या नावानेही ओळखली जाते, अलो बार्बाडेन्सिस. गर अंगाला लावू दिलात की पैसे द्यावे लागतात, नको असेल तर आधीच हसून "नो, थँक यू" म्हणा.

बेटावरच्या कुठल्याही किनाऱ्यावर मँचिनील हे झाड ओळखता आलं पाहिजे. चकचकीत हिरवी पानं, लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं, खोडावर बहुधा लाल पट्टा किंवा पाटी. फळ विषारी, चीक अंगावर फोड आणतो. पावसात त्याच्याखाली उभं राहायचं नाही, कारण ओघळणाऱ्या थेंबांतही चीक असतो.

सरगॅसम शेवाळाचा त्रास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांना जास्त होतो, कार्लाइल बे बहुतेक वेळा वाचतो. वादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. २०२४ मध्ये बेरिल वादळामुळे आपला क्रिकेट संघ विश्वचषक जिंकूनही इथेच अडकून पडला होता.

वाडेकर_सरदेसाई
त्याच धाग्याला जोडून. केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बंदरापासून चालत जाण्याजोगं आहे, बीचवर जाताना अर्धा तास काढाच. बाहेर वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. १९७१च्या दौऱ्यात याच मैदानावर सरदेसाईंनी १५० आणि गावसकरांनी नाबाद ११७ केल्या. १९९७ मध्ये १२०चा पाठलाग करताना आपण ८१ मध्ये गारद झालो, तेही इथेच. आणि २९ जून २०२४ला रोहितच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवलं तेही इथे. आधी मैदान, मग समुद्र असाच क्रम ठेवा.

खारी_हवा
क्रूझवाल्यांच्या व्यक्तिगत निरोपांतला नेहमीचा प्रश्न परतीच्या वेळेचा आहे, कुणी सांगेल का?

टोरोंटोकर
बार्बाडोसची वेळ वर्षभर एकच, भारताच्या साडेनऊ तास मागे. जहाजाची वेळ वेगळी असू शकते आणि फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून उतरतानाच जहाजावरच्या घड्याळाशी ताडून घ्या. जहाज सुटण्याची वेळ आणि चढण्याची शेवटची वेळ या दोन वेगळ्या. दुसरीच्या दीड तास आधी क्लबमध्ये आवरायला लागा : शॉवर आणि बिल मिळून पाऊण तास जातो, आणि चारच्या पुढे शहरातून बंदराकडे जाणारा रस्ता तुंबतो. टॅक्सी मिळाली नाही तर चालत पाऊण तास धरा. चेंबरलेन पूल ओलांडून शहरातून सरळ वाट आहे.