उधाणाला पक्ष्यांनी बसायचं कुठे?

खाडीकाठ:
काल 'साधासरळ' यांनी लिहिलं की ठाणे खाडीत जवळपास 1,690 हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य असताना उरणची डबकी वाचवा अशी ओरड कशाला. वाचून राहवलं नाही. अभयारण्य 2015 ला झालं, 2022 ला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, आनंदच आहे. पण तिथला चिखल ओहोटीपुरता. भरतीला तो बुडतो. छोटा टिलवा म्हणजे चिखलात चरणारा मूठभर पक्षी, पाय जेमतेम दोन सेंटिमीटर, तो उभा कुठे राहणार? उरणच्या पाणजेसारख्या उथळ खाजणातच, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीतच ना? सैबेरियाला परतण्यासाठी अंगावर चढवलेली चरबी बसायला जागा नाही म्हणून घिरट्या घालण्यात जळते.

साधासरळ:
शिवडीला अटल सेतूचं काम चालू होतं तेव्हाही रोहित (फ्लेमिंगो) येतच होते. पक्षी जागा शोधतात. माणसाला घरं नकोत का?

खाडीकाठ:
रोहितावरून चिखल्या-टिलव्यांचा हिशोब मांडू नका. उंच पायांचा पक्षी आणि मूठभर पक्षी यांची गरज एक नाही.

कोळीवाडा:
घरांचं राहू द्या, आधी कॅमेरावाल्यांना आवरा. उधाणाला थवा बांधावर दाटीने टेकला होता. एकाने ढेकूळ मारून उठवला, का तर उडतानाचा फोटो हवा. मी हटकलं तर मलाच विचारतो, तुझी जागा आहे का? आमचे बापजादे इथे जाळी लावत आलेत!

लांब भिंग:
एकामुळे सगळ्यांना झोडपू नका. आमच्या फोटोंमुळेच या जागा लोकांना कळल्या. तुमच्या होड्यांच्या इंजिनाने पक्षी उठत नाहीत?

कोळीवाडा:
होडी पोटासाठी जाते, सरळ निघून जाते. तुम्ही थव्यामागे फिरता, वर ड्रोन सोडता. तोंड सांभाळून बोला.

लांब भिंग:
ड्रोनचं मान्य, तो बंदच हवा. ढेकूळ मारणारा आमच्यातला नाही.

खाडीकाठ:
तुमच्यातलाच आहे, मीही असे पाहिलेत. पण थवा उठवला तर निदान परत टेकतो. उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत यायची वाट, बुजवून भरतीचं पाणी तोडलं की खाजण सुकतं, मग टेकायला जागाच उरत नाही. मासळीही जाते, कोळीवाडा सांगेल.

कोळीवाडा:
निवटी, कोळंबी, सगळंच गेलं आमच्याकडे.

साधासरळ:
बरं, उघाड्या बुजवू नयेत, इतकं मान्य. पण प्रत्येक डबकं राखीव करायला माझा विरोध कायम.

खाडीकाठ:
प्रत्येक कोण म्हणतंय? भरतीला जिथे थवे बसतात तेवढीच मागतोय.