मदत हवी आहे : झान देव्रोच्या प्रार्थनापोथीचे मधले मालक

नमस्कार मंडळी,

लेकीकडे न्यूयॉर्कला गेले होते, तेव्हा मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या क्लॉइस्टर्स या शाखेत चौदाव्या शतकातली फ्रान्सची राणी झान देव्रो हिची प्रार्थनापोथी पाहिली. तेव्हापासून ती मनातून जात नाही. जेमतेम तळहाताएवढी, उंची ९ सेंटिमीटरच्या आसपास. चित्रं राखाडी, वर रंगाचा हलका हात, आणि समासात माकडं, ससे, वाजंत्री! इतक्या बारीक रेषा काढणारा हात किती स्थिर असेल!

तिचा नवरा राजा चौथा चार्ल्स याने ती १३२४-२८च्या सुमारास चित्रकार झाँ प्युसेलकडून करवून घेतली. राणी १३७१ साली वारली. मृत्युपत्राप्रमाणे पोथी तेव्हाचा राजा पाचवा चार्ल्स याला मिळाली, पुढे त्याचा भाऊ बेरीचा ड्यूक याच्याकडे गेली. ड्यूक १४१६ साली गेला आणि माझा धागा तिथेच तुटतो. मग एकदम रोथशिल्ड हे सावकारी-बँकिंगवालं घराणं, नाझींनी केलेली लूट, युद्धानंतरची परतफेड आणि १९५४ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची खरेदी.

मी मोडी कागद वाचते. तिथे शिक्का, शेरा, हस्ताक्षर यांवरून माग लागतो. युरोपातल्या पोथ्यांत कुठे बघायचं? बांधणीवर, कुलचिन्हांत, की जुन्या लिलावांच्या याद्यांत? ड्यूकच्या मालमत्तेच्या याद्या छापील कुठे वाचायला मिळतील? फ्रेंच जाणणारं कुणी असेल तर कृपया सांगा, मी मनापासून वाट पाहतेय.