मदत हवी आहे : बेंजोवर आबा, सूर कसे बदलायचे?

रत्नागिरीत गणपतीत २० मिनिटांचा कार्यक्रम आहे : आबा या स्वीडिश ग्रुपचा चढ, फूट आणि पुनरागमन. वाद्यं : दोन बेंजो (बटणं दाबून वाजवायचा तो, बुलबुल तरंग), कीबोर्ड, ऑक्टोपॅड. गायिका दोनच.

क्रम असा (पांढरी-काळी म्हणजे पेटीवरच्या त्या पट्टीचा सूर) : 'वॉटर्लू' (१९७४ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली ते, पांढरी दोन), 'डान्सिंग क्वीन' (पांढरी सहा), 'द विनर टेक्स इट ऑल' (१९८०, काळी तीन), शेवटी 'व्हॉयेज' अल्बममधलं (२०२१) एक. १९८२नंतर ग्रुप थांबला, तिथे एक मिनिट फक्त कीबोर्ड.

अडचण साथीच्या, म्हणजे सतत एकाच सुरात वाजणाऱ्या तारांची. पांढरी दोनला लावलेल्या तारा काळी तीनच्या गाण्यात बेसूर वाजतात. दुसरा बेंजो आधीच काळी तीनला लावून ठेवावा, की साथीच्या तारांखाली कापडाची पट्टी सरकवावी? कापडाने नाद मरतो, म्हणून धाकधूक. सगळी गाणी एकाच सुरात आणायची नाहीत. 'विनर' खाली आणलं की त्यातली कळ जाते.

दुसरं : मूळ रेकॉर्डिंगमध्ये टेपचा वेग किंचित बदलून तेच आवाज पुन्हा चढवायचे, म्हणून भरीवपणा येतो. कीबोर्डवर कोरस इफेक्ट (एकच आवाज अनेकांचा वाटायला लावणारा) किती ठेवावा म्हणजे शब्द गढूळ होणार नाहीत?

आणि खाऱ्या दमट हवेत तारा गंजतात, सूर उतरतो. नव्या तारा किती दिवस आधी चढवता?