मदत हवी आहे: मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शब्दांच्या जाती कशा शिकवू?

खानापूरचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात आठवी ते दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतोय, बहुतेक सगळी मराठी माध्यमाची. एसएसएलसी म्हणजे दहावी झाली की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स कॉमर्स घेतलेल्यांना सगळं इंग्रजीतनंच, म्हणून आत्ताच पाया पक्का व्हावा असं मनापासनं वाटतंय. अडचण पार्ट्स ऑफ स्पीचची, म्हणजे शब्दांच्या जातींची आहे. नाम, सर्वनामापासनं केवलप्रयोगी अव्ययापर्यंत आठ जाती पोरं धडाधड म्हणतात, नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद हेही पाठ आहे, पण वाक्य समोर ठेवलं की अडकतात.

आता 'लाईट' घ्या. लाईट गेली, लाईट आली म्हणून पोरांना माहीत, म्हणजे नाम. मग 'लाईट द लॅम्प' आलं तिथं ते क्रियापद, 'अ लाईट बॅग' मध्ये विशेषण आणि 'ट्रॅव्हल लाईट' म्हटलं की क्रियाविशेषण, आणि शब्द आहे तसाच! नववीतली एक पोरगी विचारायली, सर मग ह्याची खरी जात कुठली? तिला पटेल असं उत्तर मला द्यायचंय.

दुसरं म्हणजे अ, ॲन, द. काही पुस्तकांत हे विशेषणात घातलेत, काहींत डिटरमायनर, म्हणजे नामाआधी येऊन कुठलं, किती ते ठरवणारे शब्द, म्हणून वेगळे काढलेत. मराठीत असं काही नाही, कन्नडातही नाही, त्यामुळं पोरांना धरायला काहीच मिळत नाही. आणि प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय असं सांगितलं तर तेही उलटं पडतंय, आपण 'टेबलावर' म्हणतो तेव्हा 'वर' मागनं येतं, कन्नडात 'मेजिन मेले' म्हणतात तिथंही 'मेले' मागनंच, आणि इंग्रजीत 'ऑन' नामाच्या आधी. पोरं 'टेबल ऑन' लिहायलेत ते काय उगाच नाही. तर ह्या आठ जातीच धरून चालू की दुसरी कुठली वर्गवारी आहे? कुणी शिकवलेलं असेल तर सांगा की.

शहापूरची_ताई:
सर, त्या पोरीचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर सरळ द्या, सुट्या 'लाईट'ला एकच एक जात नाही, वाक्यात जिथं बसतो तिथं ती ठरते. मराठीत दिवा, दिव्याने, दिव्यात असं रूप बदलतं म्हणून शेपटावरनं ओळखू येतं. इंग्रजीतले बरेच जुने प्रत्यय काळाच्या ओघात गळून गेलेत, आता जागाच सगळं सांगते. अमेरिकेत चार्ल्स फ्राइज म्हणून अभ्यासक होते, त्यांनी १९५२ मध्ये नाऊन, व्हर्ब ही नावंच बाजूला ठेवली आणि शब्द वाक्यातल्या कुठल्या जागेत बसतो एवढ्यावर चार मोठे वर्ग पाडले, उरलेल्या बारीक शब्दांचे १५ गट केले. पोरांना फ्राइज शिकवायची गरज नाही, पण गाळलेल्या जागा भरा ही त्यांच्या ओळखीची गोष्ट आहे, तीच वापरा.

'द ___ इज हिअर' मध्ये बसला तर नाऊन. 'विल' च्या पाठोपाठ बसला, 'विल लाईट', तर व्हर्ब. 'अ व्हेरी ___ बॅग' मध्ये बसला तर ॲडजेक्टिव्ह. ॲडव्हर्बला मात्र अशी एक पक्की जागा नाही, तिथं वेळ द्या. शेवटी 'ली' दिसला की ॲडव्हर्ब असं पोरं ठोकून देतात, पण फ्रेंडली, कॉस्टली हे ॲडजेक्टिव्ह आहेत. नाऊनला 'ली' लागला तर बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह, ॲडजेक्टिव्हला लागला तर ॲडव्हर्ब, जसं स्लो आणि स्लोली. आणि 'फास्ट'चं 'फास्टली' होत नाही, 'हार्डली' म्हणजे तर जेमतेम, हे दोन वेगळे लिहून घ्या.

अजून एक, विकारी अविकारी इंग्रजीवर तसंच लादू नका. आपलं विशेषण चांगला, चांगली, चांगले असं बदलतं, त्यांचं गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉईज, गुड तिथंच. त्यापेक्षा उघडे वर्ग आणि बंद वर्ग अशी विभागणी जास्त कामाची आहे. नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्बमध्ये नवे शब्द येतच राहतात, गूगल हे कंपनीचं नाव होतं त्याचं व्हर्ब झालं. प्रिपोझिशन, प्रोनाऊन, कंजंक्शन, आर्टिकल ह्यांत नवीन भरती जवळजवळ होतच नाही, म्हणून ते पाठ करून संपवता येतात. अ, ॲन, द ला धिस, माय, सम, एव्हरी ह्यांच्याबरोबर डिटरमायनर म्हणूनच बसवा, कारण 'द माय बुक' होत नाही, एका जागेवर एकच येतो. परीक्षेत आठच विचारले तर ॲडजेक्टिव्ह लिहा म्हणावं.

निपाणीकर८:
ताईंनी छान सांगितलंय. माझ्याकडनं एक भर, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठी व्याकरण छापलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर होता, म्हणून आठाला आठ जुळतात, पण आतला माल जुळेलच असं नाही. आणि पोरांना गोडी लागायला तत्सम तद्भवसारखी वर्गवारी पण दाखवा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्द शिरले, म्हणून गोठ्यातली गाय काऊ आणि ताटातलं मांस बीफ, तसंच शीप आणि मटण. जंगल, लूट, बंगलो तर आपल्याकडनं गेलेत. तुमच्या खानापूरच्या जंगलातला साग, त्याचा 'टीक' मल्याळममधनं पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला, हे सांगा, पोरं विसरणार नाहीत.

खानापूरचा_मास्तर:
ताई, दादा, खूप खूप आभार, गाळलेल्या जागांचं उद्यापासनंच सुरू करतो आणि टीकचं तर पोरांना नक्की आवडणार. फक्त एक राहिलं ताई, 'आय वाँट टू गो' मधला 'टू' बंद वर्गातला हे कळलं, पण तो प्रिपोझिशन म्हणून लिहून घेऊ का?

शहापूरची_ताई:
नको. 'टू बेळगाव' मधला 'टू' प्रिपोझिशन, त्याच्यापुढं नाऊन आहे. 'टू गो' मधल्या 'टू'पुढं व्हर्बचं मूळ रूप आहे, त्याला वेगळा ठेवा आणि इन्फिनिटिव्हचा 'टू' एवढंच नाव द्या. दोन्ही एकाच वाक्यात घालून द्या, 'आय वाँट टू गो टू बेळगाव', आणि कुठला 'टू' कुठला ते पोरांनाच विचारा.